संत्र्याचं समजून गाळलेलं

मोर्शी, १२ मार्च २०१७

आकांक्षा बाईले बिस्मिल्लाबीची दुवा.

फोन न करता चिठ्ठी काहून, असं म्हणशीन. माह्या डाव्या कानानं यंदा पुरा रामराम ठोकला, आन् उजव्याले फक्त मोटारपंपाचा आवाज येते. तू तिकून बोलतं आन् मी इकून "हाव, हाव" करतो, त्याच्यापेक्षा हे बरं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीलोक मराठी शिकली ते आता कामी येऊन राहिलं.

चिठ्ठीसंगं एसटीच्या पार्सलनं डबा येईन. त्याच्यात तीन पुडक्यात संत्र्याची पानं हायेत, ओल्या फडक्यात बांधली. पत्ता देवमननं लिवला, अक्षर त्याचंच चांगलं. आपल्या रोपवाटिकेत तीन मायझाडं हायेत ना, तुह्या बापानं आन् आमच्या मालकानं, इनायतुल्लानं, जोडीनं लावलेली, त्यायचेच हे एक, दोन, तीन नंबर. दरसाल ह्याच झाडायच्या काडीवरचे डोळे काढून देवमन जांभेरीच्या खुंटावर भरते, तवा कलम होते. सव्वीस वर्सं झाले, दुसऱ्या कोणाच्या हाताले मी चाकू लावू देल्ला नाई. तुले खांद्यावर घेऊन डोळे भरत होता तो, तू त्याचे केस ओढत होती.

आता कामाची गोष्ट. दोन वर्सांमांगं ज्यायनं रोपं नेली, ते लोकं म्हणून राहिले का झाडं पिवळी पडतात, संत्रं एका अंगानं वाकडं येते. ग्रीनिंग म्हणतात म्हणे ह्या रोगाले. वाटिकेत नऊ हजार रोपं उभी हायेत. मायझाडात रोग असन तं डोळ्यातून रोपात गेलाच, मंग मी आपल्या हातानं नऊ हजार जाळून टाकीन. नसन तं पावसाळ्यात इकीन. लोकं माह्या जबानीवर रोपं नेतात व माय, कागद पाहून नाई. तुह्या मशीनीले इचार आन् खरं काय ते सांगजो.

बिस्मिल्लाबी


अकोला, २ एप्रिल २०१७

चाची, सलाम.

आधी गोड बातमी. तिन्ही झाडं निरोगी आहेत. एक, दोन, तीन, तिन्हींत ग्रीनिंगचा मागमूस नाही. रिपोर्ट सोबत जोडलाय, लॅबच्या शिक्क्यासकट. नऊ हजारांतलं एकही रोप जाळू नका.

तुम्ही म्हणाल, मशीनला काय विचारलं ते तरी सांग. सांगते. प्रत्येक जिवाच्या आत चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो. मशीन तो सलग वाचत नाही, दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं, आणि असे लाखो तुकडे एकत्र कालवून माझ्यापुढे टाकतं. तुकड्याच्या शेवटाकडे मशीन चुका करतं, म्हणून शेपूट छाटायचं. वाचायच्या आधी आम्हीच दोन्ही टोकांना काही अक्षरं चिकटवलेली असतात, ती काढायची. मग मोठं काम. पानातले बहुतेक तुकडे संत्र्याचे स्वतःचेच असतात. संत्र्याचा मजकूर परदेशातल्या कोणीतरी आधीच वाचून ठेवलाय. त्या नमुन्याशी जे जुळेल ते संत्र्याचं, ते गाळायचं. उरेल ते उपरं, म्हणजे किडा, बुरशी, रोगाचा जंतू. त्यात शोधायचं.

हे सगळं करणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय, चाची. दोन वर्षं खपून. आधी ज्याला आठवडा लागायचा ते आता एका दुपारी होतं. सर आलेल्या पाहुण्यांना माझं टेबल दाखवतात.

देवमनकाकांना सांगा, त्यांनी भरलेल्या डोळ्यांना माझ्या प्रोग्रॅमनं पास केलंय. पंचफुलाकाकूंनाही नमस्कार.

तुमची
आकांक्षा


मोर्शी, १९ जुलै २०१७

आकांक्षा,

मले लय घोर लागला बाई. तीन हजार रोपं इकली, आन् उरलेल्यात आता पिवळेपण दिसून राहिलं. पानावर डाग, एका अंगाले हिरवा, दुसऱ्या अंगाले पिवळा. मी चाळीस वर्सं संत्रं पाहून राहिली, जस्त कमी पडलं का पान कसं दिसते ते मले समजते. हे ते नोहे.

मी देवमनले इचारलं, डोळे कुठले? तो म्हणे, "तीन नंबरचे. यंदा एक आन् दोनले काडी बारीक होती, म्हून समदे तीन नंबरचेच घेतले." तीन नंबर तं तू पास केलं. मंग रोग आला कुठून? लोकं म्हणतात देवमनचा साळा वरूडकडं बाग ठेवते, तिथं झाडं वाळून राहिली, काड्या कमी पडल्या असतीन तं तिकून आणल्या असतीन. मी त्यायले म्हणलं थोबाड सांभाळा. पण रातीले झोप येत नाई.

रोपायची पानं पाठवली. एक डाव तीन नंबरचं बी पुन्हा पाय का? मी तुह्यावर शक नाई घेऊन राहिली. पण माणूस घराचं कुलूप लावल्यावर बी एक डाव ओढून पायते.

बिस्मिल्लाबी


अकोला, ३० जुलै २०१७

चाची, सलाम.

घाई होती म्हणून रोपांची पानं मी दुसऱ्या टेबलावरच्या जुन्या पद्धतीनं तपासली. तिथं फक्त एकाच रोगाचं हो किंवा नाही कळतं, पण तासाभरात कळतं. उत्तर हो आहे. रोपांमध्ये ग्रीनिंग आहे. उरलेली जाळावी लागतील. मला फार वाईट वाटतंय.

तीन नंबरच्या झाडाचं म्हणाल तर त्याची तपासणी झालीच आहे, तीही माझ्या प्रोग्रॅमनं, जो याच्या शंभरपट बारीक बघतो. लाखो तुकड्यांत एकही तुकडा रोगाचा नव्हता. तेव्हा झाड निरोगी आणि रोपं आजारी, याचा अर्थ एकच निघतो. ते डोळे त्या झाडाचे नाहीत.

मला हे लिहवत नाही, पण विज्ञानात माया आणता येत नाही. देवमनकाकांना नीट विचारा, काड्या कुठून आणल्या. कदाचित कमी पडल्या असतील आणि तुम्हाला सांगायची लाज वाटली असेल.

आकांक्षा


मोर्शी, १४ ऑगस्ट २०१७

आकांक्षा,

इचारलं. बाजाराच्या दिवशी ज्यायनं रोपं नेली ते समदे वाटिकेत बलावले आन् सगळ्यायपुढं इचारलं, म्हणजे मांगून कोणी म्हणू नये का बुढीनं आपल्या माणसाले पाठीशी घातलं. तुही एप्रिलची रिपोर्ट वाचली, शिक्का दाखवला. तुही चिठ्ठी बी वाचली.

देवमन म्हणे, "बी, तीन नंबरच्या बाहेर मी चाकू लावला नाई. कागद खोटा नसन. पण मी बी खोटा नाई."

मी म्हणलं दोन्ही कसे खरे असतीन रे? एक तं खोटं असनच ना? तो म्हणे, "बी, झाड पायजा." शिक्का समोर असून झाड पायजा म्हणते, माहं डोस्कंच सरकलं. सव्वीस वर्सं माह्या हातचं खाल्लं आन् तोंडावर खोटं बोलतं? मी त्याले चोर म्हणलं. साऱ्या लोकांपुढं. म्हणलं, चाकू ठेव आन् फाटकाबाहेर हो. त्यानं चाकू फडक्यानं पुसला, मेजावर ठेवला आन् गेला. पंचफुला पाठीमांगं रडत गेली.

रोपं जाळली. पैसे वापस देऊन राहिली, ते होईन. पण आता त्याले मोर्शीत कोणी कलमाच्या कामाले लावत नाई. ज्याच्या दारी जाते तो म्हणते, बिस्मिल्लाबीनं काढलं तं आमी काहून ठेवावं? त्याचं वय पंचावन्न. दुसरं काम त्याले येत नाई. मले राग हाय त्याचा, आन् राग असून घास उतरत नाई.

तू खुश राय. तुही मशीन नसती तं मले समजलं नसतं.

बिस्मिल्लाबी


अकोला, ११ सप्टेंबर २०१७

चाची, सलाम.

कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तीन नंबरच्या झाडाची पानं पुन्हा एकदा पाठवाल का? देठासकट, चारही बाजूंची. विशेष काही नाही, लॅबच्या दप्तरासाठी हवीत.

देवमनकाका कुठे आहेत सध्या?

आकांक्षा


मोर्शी, २० सप्टेंबर २०१७

आकांक्षा,

तुही चिठ्ठी तेराले भेटली. पानं आज एसटीत टाकली, त्याच्या आधी तोडाले कोणी नव्हतं, माह्यानं शिडी चढवत नाई. दप्तरासाठी म्हणतं तं ठीक. पण जुलैत मी म्हणत होती तवा तुले गरज नव्हती, आता काहून पडली? असो, तुमचे कायदे तुमच्यापाशी.

देवमन चौदाले गेला. पंचफुला आन् तो, दोघं बी, तेल्हाऱ्याकडं. तिकडं कपाशीवर यंदा लय अळी हाय म्हणे, फवारणीले माणसं भेटत नाईत. पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारते. जायच्या दिवशी फाटकापाशी येऊन उभा राहिला. मी रोपायच्या रिकाम्या पिशव्या मोजून राहिली होती. मान वर केली नाई. जरा वेळानं पाहलं तं गेला होता.

तू त्याचं इचारलं म्हून लिवलं.

बिस्मिल्लाबी


अकोला, ९ ऑक्टोबर २०१७

चाची,

हे पत्र बसून वाचा. आणि वाचून झालं की कोणालातरी तेल्हाऱ्याला पाठवून देवमनकाकांना परत आणा. ते खरं बोलत होते.

तीन नंबरचं झाड आजारी आहे. तुम्ही पाठवलेली पानं मी जुन्या पद्धतीनं तपासली, तीनदा तपासली. आजारी आहे, आणि मार्चच्या पानांचे तुकडे पुन्हा काढून पाहिले, तेव्हाही होतं. डोळे त्याच झाडाचे होते.

चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. संत्र्याचं काय आणि उपरं काय हे ओळखायला मी परदेशातला जो नमुना घेतला होता, तो ज्या झाडावरून उतरवला ते झाडच ग्रीनिंगचं रोगी होतं. उतरवणाऱ्याला कळलं नाही. संत्र्याच्या मजकुरासोबत रोगाचाही मजकूर त्यात संत्र्याच्याच नावानं नोंदला गेला. मग माझा प्रोग्रॅम काय करायचा, तर तुमच्या झाडातला रोगाचा प्रत्येक तुकडा त्या नमुन्याशी जुळवायचा, जुळला की संत्र्याचाच समजायचा आणि गाळून टाकायचा. नंतर उरलेल्यात मी रोग शोधायचे. तो आधीच बाहेर टाकलेला असायचा. कितीही रोगी झाड आणलं असतं तरी मी निरोगीच म्हटलं असतं.

नमुना खरा आहे का, हे मी कधी पाहिलं नाही. आमच्या कामात कोणीच पाहत नाही. तो मोठ्या ठिकाणाहून आलेला असतो, सगळे तोच घेतात.

हे मला कसं कळलं तेही सांगते. नवीन आलेल्या मुलीला काम शिकवायला मी मुद्दाम एक रोगी पान घेतलं, तिला दाखवायला की रोग कसा सापडतो. सापडलाच नाही. ती म्हणाली, मॅडम, गाळलेल्यात बघू या का? गाळलेल्यात तो ढिगानं होता. त्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं, पाच सप्टेंबर. बाहेर ढोल वाजत होते आणि मी गाळलेले तुकडे पुन्हा पुन्हा मोजत होते.

सर म्हणाले, दोनशेच्या वर रिपोर्ट गेलेत, आधी सगळे पुन्हा तपासू, तोवर कोणाला एक अक्षर लिहायचं नाही. मी ऐकलं. सरांच्या नावावर ढकलत नाही. मला नोकरीची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती ही की लोक म्हणतील, हिचा प्रोग्रॅम खोटा. जुलैत तुम्ही म्हणालात तेव्हाच तीन नंबरचं पान त्या दुसऱ्या टेबलावर ठेवलं असतं तर तासाभराचं काम होतं. मी ठेवलं नाही, कारण मला माझ्याच कामाचा गर्व होता. आणि वर तुम्हाला विज्ञान शिकवलं.

काकांना माझं हे पत्र वाचून दाखवा. मी दिवाळीला येते, त्यांचे पाय धरते. तोवर त्यांना कामावर घ्या.

आकांक्षा


मोर्शी, १६ ऑक्टोबर २०१७

आकांक्षा,

तुही चिठ्ठी बाराले भेटली. देवमन सातले गेला.

तेल्हाऱ्याले कपाशी यंदा माणसाच्या डोस्क्यावर गेली. वरून फवारलं का औषध आपल्याच तोंडावर येते. तोंडाले बांधाले उपरणं, दुसरं काही नाई. तीन दिवस त्याच्या डोळ्याले धूसर दिसत होतं, तरी गेला. दोन तारखेले वावरातच पडला, तोंडाले फेस. तेल्हाऱ्यात सलाईन लावलं, मंग तीन तारखेले अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चार दिवस होता. तुह्या गावात होता, बाई.

पंचफुला सांगते, तिले तुही आठवण आली. पार्सलवर त्यानंच पत्ता लिवला होता, त्याले तोंडपाठ होता. ती म्हणे, आकांक्षाले बलावतो, तिच्या वळखीचे डॉक्टर असतीन. तो म्हणे, "नको. पोरगी मले चोर समजते. समोर आली तं तिलेच शरम वाटन." हे तो धापा टाकत बोलला. 

पंचफुला मोर्शीले वापस आली, तेरवीच्या आधी मी तिच्या घरी गेली. फाटकातून आत या असं कोणी म्हणलं नाई, तरी गेली. तुही चिठ्ठी तिले पुरी वाचून दाखवली. मशीन, नमुना, गाळणं, समदं. तिले किती समजलं मले ठाऊक नाई. तिनं एकच इचारलं, "बी, ताईले समजलं त्या दिवसाची तारीख काय लिवली?" मी म्हणलं, पाच सप्टेंबर. ती बोटावर मोजाले लागली. मंग म्हणे, "आमी चौदाले गेलो." आन् मंग ती अशी रडली का मले दुसऱ्या कानानं बी ऐकू येऊ लागलं.

तुलेच बोलत नाई मी. तू कागद पाठवला, चोर मी म्हणलं. मले कोणी जबरदस्ती केली नव्हती. सव्वीस वर्सं ज्याचा हात पाहला त्याच्यापेक्षा मले शिक्का मोठा वाटला. तो म्हणत होता का झाड पायजा, मी त्याले पाहून राहिली होती. ह्याच्यातून मले अल्ला सोडणार नाई आन् मी माफी बी मांगणार नाई, कोणत्या तोंडानं मांगू? तीन नंबरचं झाड काल तोडलं. रोपवाटिका बंद करून राहिली.

दिवाळीले येतो म्हणतं. येऊ नको, पाय धराले आता पाय नाईत. येशीन तं दुसऱ्या कामासाठी ये. पंचफुला म्हणते, ज्या लोकांपुढं माह्या नवऱ्याले चोर म्हणलं, त्याच लोकांपुढं तो चोर नव्हता असं कोणीतरी वाचावं. मी म्हणलं मी वाचतो. ती म्हणे, "तुमी नाई. तुमी तं तवा बी वाचलं होतं." तिले तुह्या हातचा कागद पायजे. तुमच्या रिपोर्टात झाडाचा नंबर असते. तिले असा पायजे का ज्याच्यात देवमनचं नाव असन.

२४ तारखेले, बाजाराच्या दिवशी, समदे येतीन. मी एकेकाच्या घरी जाऊन सांगून आली.

बिस्मिल्लाबी


अकोला, १९ ऑक्टोबर २०१७

चाची,

येते. नोकरीचा राजीनामा दिला, त्याचं कौतुक नको, त्यानं काही भरून येत नाही. गेलेल्या प्रत्येक रिपोर्टच्या मालकाला माझ्या सहीचं पत्र टाकलंय.

वाचायचा कागद आधीच तुमच्याकडे पाठवते आहे. पंचफुलाकाकूंना मिळाल्या दिवशीच वाचून दाखवा. म्हणजे चोवीसला लोकांसमोर उभं राहिल्यावर माझा धीर सुटला आणि मी एखादं वाक्य खाल्लं, तर त्यांना कळेल.

आकांक्षा


सर्वांसमोर वाचण्यासाठी

मी आकांक्षा. याच रोपवाटिकेत वाढले.

दोन एप्रिलला मी तीन नंबरच्या झाडाचा जो रिपोर्ट दिला, तो खोटा होता. झाड आजारी होतं. तीस जुलैला मी लिहिलं की डोळे त्या झाडाचे नाहीत. तेही खोटं होतं. डोळे त्याच झाडाचे होते.

देवमनकाकांनी बाहेरून एकही काडी आणली नाही. त्यांच्या चाकूत, हातात, बोलण्यात कुठलाही दोष नव्हता. तुमची रोपं गेली ती माझ्या चुकीमुळे. ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी ते मला बोलावं.

माझी चूक मला पाच सप्टेंबरला कळली. अकरा तारखेला मी चाचीला पत्र लिहिलं. ते तेरा तारखेला मोर्शीला पोचलं. देवमनकाका त्या दिवशी गावातच होते. त्या पत्रात मी झाडाची पानं मागितली.